कलावतीचा नवतपा

१२ एप्रिल

लेक दीक्षा आज सकाळी पुण्याला परत गेली आणि जाताना माझ्या गळ्यात एक झाड मारून गेली. झाडाचं नाव कॅलेथिया. मोठाली पानं, वरून हिरव्यावर फिक्या रेघा, खालून वांग्यासारखी जांभळी. ना फूल, ना फळ, ना वास. कुंडी ठेवली टीव्हीशेजारी, म्हणजे बातम्या बघताना मला तिचंही तोंड बघावं लागणार.

हे सगळं गेल्या मे महिन्यामुळे. भर दुपारी मला उन्हाची लू लागली आणि मी जिन्यात आडवा झालो. समोरच्या शोभाताईंनी उचलून रामदासपेठेतल्या दवाखान्यात नेलं, सलाइनं लागली. तेव्हापासून लेकीचं एकच टुमणं, नागपुरातलं हे बेसा सोडा, पुण्याला चला. पुण्यात मला काय काय करावं लागणार नाही हे ती मोठ्या उत्साहाने सांगते. तिथे मला काहीच करावं लागणार नाही, म्हणूनच तर मला जायचं नाही.

काल रात्री जेवताना ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला स्वतःची काळजी घेता येत नाही."

"काहून नाही येत वं?"

"बरं. मग हे झाड सांभाळून दाखवा. नवतपा संपेपर्यंत जगलं तर मी पुण्याचं नाव काढणार नाही. मेलं तर सामान बांधायचं."

नवतपा म्हणजे मे अखेरचे ते नऊ भाजके दिवस. त्या दिवसांत आमच्याकडे नळाचं थंड पाणीही चहाला चालतं. पण मी लगेच हो म्हणालो. कोर्टात बेंच क्लार्क म्हणून जन्म गेला माझा. अटी स्पष्ट असल्या की मला खटल्याची भीती वाटत नाही.

अटी मात्र विचित्र आहेत. दुपारी बारा ते पाच हॉलचे पडदे बंद आणि कूलर चालू. त्या वेळात कोणीतरी तिच्याजवळ बसून राहायचं, कारण माणसाच्या श्वासाने हवेत ओलावा येतो. उन्हातून आलेल्या अंगाची झळ तिला सोसत नाही, म्हणून मी भर दुपारी बाहेर जायचंच नाही. आणि संध्याकाळी तिला एकांत लागतो, म्हणून तासभर फिरायला जायचं. एवढे नखरे तर आमच्या जज्जसाहेबांचेही नव्हते.

१३ एप्रिल

पहिल्याच दिवशी हरलो असं वाटलं. काल दिवेलागणीला बघतो तर सगळी पानं वर उभी होऊन मिटलेली, वांगी रंग बाहेर. मी दीक्षाला फोन लावला, ती मीटिंगमध्ये. समोरच्या शोभाताईंचं दार वाजवलं. शोभाताई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, निवृत्त होऊनही आवाज अजून वॉर्डाच्या या टोकावरून त्या टोकाला जाईल असा. त्या आल्या, कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"भाऊ, हे मेलं नाही. हे हात जोडून राहिलं."

तेवढ्यात दीक्षाचा फोन आला. म्हणाली, "बाबा, झोपली ती. रोज संध्याकाळी अशीच झोपते. सकाळी उघडेल."

आज सकाळी उघडली. एवढी अदब असलेल्या बाईला कॅलेथिया काय म्हणायचं? कलावती म्हणायचं ठरवलं.

१४ एप्रिल

जयंती. पहाटेच दीक्षाभूमीला जाऊन आलो, गर्दीत चपला शाबूत राहिल्या. बाराच्या आत घरात, कलावतीमुळे. मिरवणूक संध्याकाळी होती, ती नियमात बसते. खूप दिवसांनी पाय दुखेपर्यंत चाललो.

१९ एप्रिल

आज कूलरवरची चादर काढली. माझी बायको सुजाता गेल्यापासून हा कूलर झाकलेलाच होता. एका माणसासाठी एवढं मोठं धूड घरघरत ठेवायचं मला पटत नव्हतं. पंखा होता की. गेल्या वर्षी जिन्यात पडलो तेव्हाही घरात पंखा चालूच होता, हे मी दवाखान्यात सगळ्यांना सांगितलं होतं.

पंप अडकला होता, तो मोकळा केला. जुना वाळा काढला तर त्यात चिमणीचं जुनं घरटं निघालं. नवा वाळा भरला. पाणी पडल्याबरोबर सगळ्या घरात तो वास सुटला आणि मी जरा वेळ तिथेच खुर्चीत बसलो. सुजाता दर एप्रिलला म्हणायची, कूलर लावला की घर आपलं वाटते.

आता घरात दोन जीव आहेत, त्यामुळे कूलर लावायला हरकत नाही. बिल आलं तर दीक्षाला पाठवीन.

२६ एप्रिल

पानांच्या कडा करपल्या. एकेक टोक विडीच्या थोटकासारखं तपकिरी. शोभाताईंनी लगेच निदान केलं.

"बोअरचं पाणी देऊन राहिले ना तुमी त्याले? त्या पाण्यानं चहाच्या गंजाले पांढरा थर येते, मंग पानाचं काय होईन?"

फिल्टर दोन वर्षांपासून बंद. मी बोअरचंच पितो, काही बिघडलं नाही, एक मुतखडा सोडून. पण कलावतीसाठी माणूस बोलावून फिल्टर दुरुस्त केला. शोभाताई म्हणाल्या, तिचं पाणी भांड्यात काढून ठेवायचं आणि तिला देताना आपणही एक लोटा प्यायचा, म्हणजे विसर पडत नाही. नर्सच्या युक्त्या भारी असतात.

दुपारी त्या आपल्या गॅलरीत फोनवर बोलत होत्या. त्यांचं हळू बोलणं माझ्या हॉलमध्ये स्पष्ट येतं. "झाड आज जरा चिडचिड करून राहिलं. पण पाणी पिलं, चांगले दोन लोटे."

मी कलावतीला फक्त एक कप दिला होता. नर्सबाईंचा हिशोब कच्चा आहे. आणि झाड चिडचिड करते हे यांना कसं कळते, तेही विचारायला हवं.

२ मे

तीन पानं गेली. दोन पिवळी, एक तर माझ्या हातातच आलं. पारा चढतोच आहे. झोप नीट नाही. डोळ्यांसमोर पुण्याची ती बाराव्या मजल्यावरची खोली येते, तिथून खाली बघितलं की माणसं मुंग्यांएवढी दिसतात आणि त्यातली एकही माझ्या ओळखीची नसते. इथे मला विहारातले लोक आहेत, भाजीवाली आहे, तिच्याशी रोज भांडता येतं. सुजाताने मोजून घेतलेली कूलरची खिडकी आहे. मला जायचं नाही. लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी विचारलं तर नोंद असावी.

सकाळी बाजारात जाताना नेहमीसारखा खिशात कांदा ठेवला होता. आमच्याकडे लू लागू नये म्हणून उन्हाळ्यात सगळेच ठेवतात. गेल्या वर्षी पडलो त्या दिवशी नेमका विसरलो होतो. परत आल्यावर कांदा काढून टेबलावर ठेवला आणि एकदम डोक्यात आलं. मला खिसा आहे, कलावतीला नाही.

कांदा कुंडीत तिच्या बुडाशी अर्धा दाबून दिला. वरून थोडी माती सारली, दीक्षाला व्हिडिओ कॉलमध्ये दिसायला नको. शास्त्र शिकलेल्या पोरी या गोष्टींना हसतात.

१२ मे

बुद्धपौर्णिमा. सुजाता गेल्यावर दोन वर्षं खीर केली नाही. एका माणसाची खीर करायची म्हणजे दूध किती घ्यायचं हेच कळत नाही. आज केली. कलावती खात नाही, पण घरात कोणी असलं की हात चालतात. थोडी लागली खाली. विहारात डबा नेला आणि एक वाटी शोभाताईंना दिली.

"भाऊ, लय दिवसानं," म्हणाल्या आणि पदराला डोळे पुसले. वेलदोडा जास्त झाला असावा.

मग म्हणाल्या, दीक्षाला पाठवायला झाडाचा फोटो काढते. काढला. मी नंतर बघितला तर कलावतीचं एकच पान कोपऱ्यात आलं होतं, बाकी सगळा मीच, हातात खिरीची वाटी. या वयात फोटो काढायला शिकवणं कठीण.

१५ मे

कोंब आला!

सकाळी कुंडीत बघतो तर बुडाजवळून हिरवा कोंब. सरळ, टवटवीत, माझ्या करंगळीएवढा. मी दीक्षाला लगेच फोटो पाठवला, खाली लिहिलं, "प्रतिवादी पक्षाने नोंद घ्यावी."

तिने हसरे चेहरे पाठवले, एक नाही, पूर्ण ओळ. मग लिहिलं, "बाबा, खूपच छान. काय खाऊ घालताय तिला?"

"प्रेम," मी लिहिलं. पुन्हा ओळभर चेहरे आले.

१९ मे

आता चार कोंब. वीतभर झाले. या झाडाचं एक नवल आहे, जुनी पानं रुंद आणि नवीन अगदी गोल, आतून पोकळ, वर टोकदार. मोठी झाली की उलगडत असतील. वासही थोडा उग्र आहे, पण तब्येत चांगली असल्याचंच ते लक्षण. संध्याकाळी फिरायला गेलो तेव्हा मैदानात बसलेल्या सगळ्यांना फोटो दाखवले. कोणी फार बोललं नाही, एकमेकांकडे बघत होते. जळतात.

२१ मे

मी विहारात गेलो असताना शोभाताई किल्लीने आत येऊन पाणी देऊन गेल्या. रात्री त्यांनी झुणका-भाकर पाठवली. झुणका असा की मी ताट पुसून खाल्लं. आवर्जून दारात जाऊन सांगितलं, "ताई, पातीचा झुणका एक नंबर. पात कुठून आणली? एवढी कोवळी बाजारात दिसत नाही."

"तुमच्याच कुंडीतली हाये. कलावतीचं ओझं कमी केलं जरासं. तिले तरास होऊन राहिला होता कांद्याचा."

मी घरी येऊन कुंडी बघितली. कोंब चारही गायब. माती उकरली तर कांदा, चांगली मुळं फुटलेला.

तक्रार करायची सोय राहिली नाही. सगळा पुरावा मीच खाल्ला होता, भाकरीबरोबर.

२२ मे

कांदा काढला. त्याच्या मुळांनी अर्धी कुंडी व्यापली होती. कलावतीची खरी मालमत्ता आता पाच पानं, त्यातली दोन काठावर. नवतपा तीन दिवसांवर. मैदानातल्या लोकांना फोटो का दाखवले, असं झालं आहे. दीक्षाला कांद्याचं सांगितलं नाही. ती विचारत नाही, तोवर मी सांगायचं कारण नाही.

२५ मे

नवतपा लागला. दुपारी रस्त्यावर कुत्रंही नाही. आम्ही दोघं अंधाऱ्या हॉलमध्ये. मी पेपर वाचतो, तो तिला मोठ्याने वाचून दाखवतो. सवय लागली आहे. आज जाणवलं की सुजाता गेल्यापासून मी दुपारी घरात मोठ्याने बोललोच नव्हतो.

२८ मे

आज घडलं तसं लिहितो.

साडेबाराला वीज गेली. अर्ध्या तासाने येईल म्हटलं, आली नाही. कूलर बंद पडल्यावर हॉल भट्टी झाला. मी दुपट्टा ओला करून कलावतीभोवती लपेटला, दुसरा माझ्या डोक्यावर. हातपंख्याने वारा घातला, आधी तिला, मग मला, मग तिलाच. तिची पानं आत वळायला लागली, कागदाच्या सुरळीसारखी. माझं डोकं ठणकायला लागलं. गेल्या वर्षी पडण्याआधी असंच ठणकलं होतं. तेव्हा मी म्हटलं होतं, थोडा वेळ पडून राहतो, कोणाला कशाला त्रास. आज खरंच तसंच मनात आलं, पण समोर ती वळत चाललेली पानं होती.

शोभाताईंकडे इन्व्हर्टर आहे. गेली दोन वर्षं त्या मला जेवायला बोलावतात आणि मी दरवाजातूनच परत येतो, एकटा माणूस दुसऱ्याच्या घरात पसरलेला बरा दिसत नाही. आज कुंडी दोन्ही हातांनी उचलली आणि पायाने त्यांचं दार वाजवलं.

"ताई, कलावतीले बसू द्या तुमच्याकडे."

त्यांनी कुंडी कोपऱ्यात ठेवली आणि पहिल्यांदा माझी नाडी धरली, झाडाकडे बघितलंही नाही. मला सोफ्यावर आडवं केलं, पंखा लावला, पन्हं दिलं, मग आणखी पन्हं. डोक्यातली ठणक हळूहळू उतरली. मी डोळे मिटून पडलो होतो. त्यांना वाटलं, झोप लागली. स्वयंपाकघरातून त्यांचा तो हळू आवाज आला.

"हो दीक्षा, झाड ठीक हाये. मी दार वाजवाले जाणारच होती, तर झाड सोताच आलं. कुंडी घेऊन आलं."

झाड कुंडी घेऊन आलं. मी डोळे मिटलेलेच ठेवले. शोभाताईंचं व्याकरण कच्चं नाही, चांगल्या शिकलेल्या आहेत. हे वाक्य तपासावं लागेल.

२९ मे

कळलं.

३० मे

डायरी पहिल्यापासून वाचून काढली. दोन लोटे पाणी. चिडचिड. खिरीचा फोटो. बारा ते पाच बाहेर पडायचं नाही, संध्याकाळी फिरायचं. शोभाताई कलावतीला कलावती म्हणतात आणि झाडाला झाड, हे दोन निराळे पक्षकार आहेत. एवढी वर्षं साक्षी ऐकल्या आणि स्वतःच्या हॉलमध्ये चाललेला खटला कळला नाही.

आधी राग आला. मग तो टिकला नाही. आरोपीला गप्प बसण्याचा अधिकार असतो, तो मी वापरणार आहे.

३१ मे

खात्री करून घेतली. साडेअकराला गॅलरीत जाऊन कलावतीला मोठ्याने सांगितलं, "मी जरा लकडगंजला जाऊन येतो गं, फळ्या बघायच्या आहेत, दुपार होईल यायला." आणि आत येऊन खुर्चीत बसलो.

चपला घालायला लागतो त्याहून कमी वेळात दीक्षाचा फोन. "बाबा, सहज केला. आज कलावतीला एकटं सोडू नका हं, पुण्यात सांगत होते की आज नागपुरात फार ऊन आहे."

"बरं झालं सांगितलं बेटा, निघतच होतो." असं म्हणून मी पाय लांब केले.

संध्याकाळी शोभाताई भेटल्या, चेहरा अगदी साळसूद. मीही विचारलं, "कलावती आज जरा अशक्त वाटते, तिला सावजीचा रस्सा चालेल का?"

"तिले नाही चालत," म्हणाल्या. "पोट बिघडते तिचं." मग जरा थांबून म्हणाल्या, "कमी तिखटाचा मी करून देईन."

४ जून

नवतपा संपला आणि निकालासाठी दीक्षा आली. कलावतीची शिल्लक चार पानं. पण मधोमध एक नवी सुरळी उभी आहे, घट्ट गुंडाळलेली, फिक्या हिरव्या रंगाची. वास घेऊन बघितला, ही तिचीच आहे.

दीक्षा दारातून आली ती सरळ माझ्याकडे. हात हातात घेतला, दंड चाचपला, डोळ्यांखाली बघितलं. स्वयंपाकघरात जाऊन फिल्टर बघितला, फ्रीज उघडला, कूलरच्या वाळ्यावर हात फिरवला. कुंडीकडे पाठच होती.

"झाड मस्त आहे," ती म्हणाली, माझ्याकडे बघत.

"वयोमानाने पाच-सहा पानं गळली," मी म्हणालो.

"चालायचंच. जगलं ना." मग तिने उगाच कुंडीजवळ वाकून बघितलं. "आणि कांदा कुठे गेला हो?"

"तुले कोणी सांगितलं?"

"पहिल्याच फोटोत दिसला की. आईसुद्धा तुमच्या खिशात कांदा कोंबायची, मला काय माहीत नाही?"

"मग बोलली काहून नाही?"

"बाबा, दोन वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मला स्वतःहून फोटो पाठवला. त्यात कांदा असो नाहीतर मुळा." एवढं बोलून ती आत तोंड धुवायला गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवून बसली. मी नळाचं पाणी वाया जाते असं काही म्हणालो नाही.

जेवायला शोभाताई होत्या. कमी तिखटाचा रस्सा होता. निकाल जेवणाच्या ताटावर जाहीर झाला: वादीने नागपुरातच राहावं. पुण्याचा विषय निघाला नाही.

७ जून

दीक्षा सकाळी गेली. लिफ्टचं दार बंद होता होता शोभाताईंना म्हणाली, "काकू, झाडाकडे लक्ष द्याल."

"तू नको कायजी करू वं," शोभाताई म्हणाल्या. मी दोघींच्या मध्ये उभा होतो, दीक्षाच्या बॅगेकडे बघत, अगदी अजाण.

दुपारी कूलर लावला. पाचला बंद केला. संध्याकाळी मैदानात गेलो आणि कांद्याची गोष्ट सगळ्यांना माझ्याच तोंडाने सांगितली, म्हणजे दुसऱ्या कोणी सांगायला नको. पोट धरून हसले. परत येऊन बघतो तर कलावतीने पानं मिटून घेतली होती, पण सुरळी थोडी सैल झालेली. उद्या-परवा उलगडेल.

दीक्षा घरी पोचली असेल असा अंदाज घेऊन तिला लिहिलं:

"झाड फिरून आलं. दोन लोटे पाणी पिलं. झाडाले तुही आठवण येऊन राहिली."

बराच वेळ ती नुसती लिहिते आहे असं दिसत राहिलं. मग आलं, "बाबा, तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

उत्तर दिलं नाही. झाडं बोलत नसतात.